थुरिंगियातली एक दाढ

जर्मनीला जाऊन आलेल्या माणसानं किल्ल्यांबद्दल लिहायचं असतं. मी दोन किल्ले पाहिले. एक दुरुस्तीसाठी बंद होता, दुसरा सोमवार म्हणून. बाहेरून दोन्ही चांगले आहेत. ज्यांचं एवढ्यावर समाधान होत नाही त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी प्रवासवर्णन वाचावं, कारण माझा जवळजवळ सगळा मुक्काम एका दाढेभोवती गेला.

माझा दातांचा दवाखाना कराडला आहे. माझी मुलगी मुक्ता जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतून आणि दातांतून डीएनए काढायचा, हे तिचं काम. गावाचं नाव देत नाही. दिलं तर संस्था कुठली ते लगेच कळेल, आणि मुक्तानं लिहायची परवानगी दिली ती याच अटीवर. मी जिवंत माणसांच्या दाढा काढते, ती मेलेल्यांच्या दाढांना भोकं पाडते. घरचा धंदा मुलीनं पुढे चालवला, असं आमचे हे लोकांना सांगतात.

२०१७च्या उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"आई, सप्टेंबरात येशील का? घरात पन्नाशी ओलांडलेली बाई हवी आहे."

"कशाला?"

"अट आहे तशी."

लेक बऱ्याच दिवसांत घरी आली नव्हती. कधीतरी बोलावणं येईल आणि ते आठवणीपोटी येईल, अशी माझी समजूत होती. पण पन्नाशी ओलांडलेली बाई हवी असेल तर तीही मीच होते. व्हिसा काढला.

वोल्फ्सबुर्ग

आधी वोल्फ्सबुर्गला भाच्याकडे उतरले. संदीप तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. गाव स्वच्छ आहे आणि रस्त्यावर माणूस नाही, कारण सगळे गाडीत असतात. मी संध्याकाळी पायी फिरायला निघाले तर शेजारच्या बाईंनी गाडी थांबवून काही अडचण आहे का म्हणून विचारलं.

संदीपची मुलगी ईशा सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, फक्त ती उत्तर जर्मनमध्ये देते. मी म्हटलं, "ईशू, मी तुझ्या बाबाची आत्या." ती म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे, बरोबर. परीक्षा घेतल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुक्ता मला न्यायला आली. जेवताना संदीपनं विचारलं, "तू नक्की करतेस काय, हे एकदा सांग. आईला सांगताना माझी पंचाईत होते."

मुक्तानं चमचा खाली ठेवला. "अमेरिकेत पहिली माणसं कुठून आली, ते बघते. हिमयुगात समुद्राचं पुष्कळ पाणी बर्फात अडकलं होतं. समुद्र खाली गेला होता. सायबेरिया आणि अलास्काच्या मध्ये तेव्हा जमीन होती. तिथं काही लोक हजारो वर्षं अडकून राहिले असावेत. पुढे बर्फाची भिंत होती. वाट मोकळी झाल्यावर ते खाली उतरले, बहुतेक समुद्राच्या कडेनं. आणि मग बऱ्यापैकी लवकर पार दक्षिण टोकाला पोचले."

"चालत?" संदीपनं विचारलं. मोटारींच्या गावातला प्रश्न होता.

"चालत, होड्यांतून. पिढ्यान्‌पिढ्या."

"हे कळतं कसं?"

"पुरलेल्या माणसांवरून. बायकाल सरोवराजवळ एक लहान मुलगा सापडला, चोवीस हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या लोकांचा अंश आज अमेरिकेतल्या सगळ्या मूळ रहिवाशांत आहे. अलास्कात एक तान्ही मुलगी सापडली. मोंटानात दीड-दोन वर्षांचा मुलगा, सोबत दगडी हत्यारं ठेवलेली. त्याचा अभ्यास झाल्यावर तिथल्या लोकांनी त्याला परत पुरलं."

"सगळी लहानच?" संदीपची बायको केतकी म्हणाली. ती ईशाला भरवत होती.

"मोठीही आहेत. पण हो, लहान बरीच."

केतकीनं ईशाच्या तोंडात आणखी एक घास घातला. ईशाचं पोट भरलं होतं, तसं तिनं जर्मनमध्ये सांगितलंही.

मग मुक्तानं तिच्या अडचणीची गोष्ट सांगितली. पेरू देशात, डोंगरात फार उंचावर एक गाव आहे. त्या गावाच्या वरच्या एका गुहेत एका बाईचा सांगाडा होता, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. शंभरेक वर्षांमागं एका जर्मन हौशी गृहस्थानं तो पेटीत भरून इकडे आणला. गावाला विचारलं नाही. इकडच्या विद्वानांनी तिची कवटी मोजली, ती लांबट आणि अरुंद भरली. आताच्या गावकऱ्यांची तशी नसते. तेव्हा त्यांनी ठरवलं की ही कुणी वेगळीच जमात, आधी आलेली आणि नामशेष झालेली, आताच्या लोकांशी तिचा संबंध नाही. गाव बरीच वर्षं तिला परत मागतंय. सांगाडा ज्या संग्रहात आहे तिथले लोक म्हणतात, संबंध दाखवा आणि घेऊन जा.

"आणि संबंध तू दाखवणार," संदीप म्हणाला.

"असला तर. तिच्या जबड्यात दोनच दाढा उरल्या होत्या. एक माझ्या आधीच्या कुणीतरी फोडली, कुणालाही न विचारता. त्यातून काही निघालं नाही. आता एकच आहे. माझा अर्धा प्रबंध त्या दाढेत आहे. या वेळी गावाला विचारायचं असं मी प्रोफेसरांना सांगितलं. तर गाव म्हणालं, आमची बाई येऊन बघेल आणि मग हो की नाही ते सांगेल. पण ती हॉटेलात एकटी राहणार नाही. ज्या घरात तिच्या वयाची बाई असेल तिथं राहील."

"म्हणून मी," मी म्हटलं.

"म्हणून तू," मुक्ता म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "आणि आठवणही येत होती."

मुक्ताचं घर

मुक्ताचं गाव दोन डोंगरांच्या मध्ये, नदीकाठी आहे. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या सुमारास जर्मनीत निवडणुका होत्या आणि रस्त्यातल्या प्रत्येक खांबावर उमेदवारांचे फोटो लावलेले होते.

आमची पाहुणी आली, तिचं नाव मार्ता. तिला 'दोन्या मार्ता' म्हणायचं. दोन्या म्हणजे आपल्या 'बाई' आणि 'ताई' यांच्या मधलं काहीतरी. माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी, ठेंगणी, दोन वेण्या, डोक्यावर तपकिरी हॅट. गावच्या शाळेत ती मुलांचा स्वयंपाक करायची आणि त्या वर्षी गावच्या सभेची अध्यक्षही होती. घरचं बोलणं क्वेचुआ भाषेत, बाहेरच्यांशी स्पॅनिश. मुक्ता त्या गावात दोनदा राहून आली होती, तिला स्पॅनिश चांगलं येतं. त्यामुळे आमच्यातली दुभाषी मुक्ताच. जिचं काम अडलंय तिनंच अडवणाऱ्याचं बोलणं इमानानं सांगायचं, अशी ती व्यवस्था होती.

बसमधून येताना दोन्या मार्तानं खांबांवरचे फोटो बघून विचारलं, "ही सगळी माणसं हरवलीत का?"

मुक्तानं निवडणुकीचं सांगितलं. तिनं मान डोलावली, पण नंतरही ती प्रत्येक चेहरा नीट बघत होती.

तिनं आमच्यासाठी वाळवलेले बटाटे आणले होते. काळे, कडक, नदीतल्या गोट्यांसारखे. आपण वाळवणं उन्हात घालतो. ते लोक बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि मग वाळवतात. वर्षानुवर्षं टिकतात म्हणाली. मी त्यांचा गोडा मसाला घालून रस्सा केला. दोन्या मार्तानं दोनदा वाढून घेतला. मला तो पाटीवरच्या पेन्सिलीसारखा लागला, पण हे मी मुक्ताला भाषांतर करू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेलो. मुक्ताचे प्रोफेसर उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एका खोलीत आम्हाला बसवलं आणि एक खोका आणला. आत स्पंजमध्ये बसवलेला खालचा जबडा. दोन्या मार्तानं हॅट काढली. क्वेचुआत काहीतरी म्हणाली, हळू, जसं आपण बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या आजारी माणसाला म्हणतो. मग खुर्ची ओढून जबड्याच्या जवळ बसली.

प्रोफेसरांनी मलाही बघायला सांगितलं. मी काय, जबडे बघतच आले आहे. दाढ सपाट झिजलेली होती, अन्नातून वाळू-दगडाची कच पोटात जाणाऱ्या माणसांची झिजते तशी. शेजारची जागा रिकामी. आणि त्या रिकाम्या जागेच्या खाली हाडाला एक गोल खड्डा.

"हे काय?" दोन्या मार्तानं बोट न लावता दाखवलं.

"पू झाला होता. मुळाशी."

मुक्तानं सांगितलं. तिनं परत विचारलं, "दुखत असेल?"

"पुष्कळ. महिनोन्‌महिने. दुसऱ्या बाजूनं खात असणार."

प्रोफेसर म्हणाले की त्यांच्या टिपणात 'दंतमुळाशी विकृती' अशी नोंद आहे. दोन्या मार्तानं ते ऐकून घेतलं आणि जबड्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघी बसलो होतो. दोन्या मार्ता मुक्ताकडे वळून काही म्हणाली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"विचारतायत, ती कोण आहे ते आम्हाला माहीत आहे, आमच्या वरच्या गुहेत ती होती, आम्ही तिला दरवर्षी मक्याची दारू वाहत होतो. पण समजा तुझं यंत्र म्हणालं की ती आमची नाही. मग तू काय करशील?"

"मग सांग."

"काय सांगू, आई? त्यांना खूश करणारं सांगितलं तर उद्या सही मिळेल."

"आहे ते सांग."

मुक्तानं पाण्याचा घोट घेतला आणि स्पॅनिशमध्ये बोलली. नंतर मला सांगितलं ते असं: यंत्र तसं म्हणालं तर मला तसंच लिहावं लागेल. तिला परत द्यावं असंही मी लिहीन, पण ते कुणी ऐकेलच असं नाही.

दोन्या मार्तानं पोळीचा तुकडा मोडला. खाऊन झाल्यावर म्हणाली, "वेगळं काही म्हणाली असतीस तर मी उद्या परत गेले असते." पण हो किंवा नाही, ते तिनं सांगितलं नाही.

एकादशी

शनिवारी एकादशी होती, पितृपक्षातली. मी साबुदाण्याची खिचडी करायला घेतली. साबुदाणा कराडहून नेला होता. दाण्याचं कूट करायला मुक्ताचा मिक्सर लावला तर पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. दुपारची वेळ ही शांततेची वेळ असते आणि हे जिन्यात लिहून लावलेलं आहे, असं त्यांनी अत्यंत प्रेमानं सांगितलं. तेव्हा उरलेले दाणे मी फडक्यात घालून लाटण्यानं भरडले. कूट जाडसरच राहिलं.

दोन्या मार्ता ओट्याशी येऊन उभी राहिली. बटाटा बघून म्हणाली, "हा आमचा." शेंगदाण्याला बोट लावून म्हणाली, "हाही आमच्या बाजूचा." हिरवी मिरची तोडून हुंगली आणि नुसती मान हलवली. साबुदाणा मात्र तिनं ओळखला नाही. मुक्तानं सांगितलं की हा कसाव्याच्या कंदापासून करतात. तिकडे त्याला युका म्हणतात, जंगलाच्या बाजूला पिकतो.

"म्हणजे सगळंच आमचं," दोन्या मार्ता म्हणाली. "आणि हे तुम्ही कधी खाता?"

"उपासाला. देवासाठी जेवायचं नसतं तेव्हा."

तिनं कढईकडे पाहिलं. "जेवायचं नसतं तेव्हा एवढं?"

हे आमच्याकडे कुणी विचारलेलंच नाही. रोजचं धान्य उपासाला चालत नाही म्हणून आम्ही जे खातो ते सगळं तिच्या डोंगरापलीकडून आलेलं निघालं. जिरं आणि तूप तेवढं आमचं.

जेवताना तिनं विचारलं, की हे पितर म्हणजे किती मागचे? मी सांगितलं, वडील, आजोबा, पणजोबा, अशी तीन पिढ्यांची नावं घेतात. त्यापुढचे सगळे एकत्र.

"आम्ही नावं घेत नाही," ती म्हणाली. "जवळ राहतो." आणि घास घेतला. तेवढ्यात कट् असा आवाज आला. तीस वर्षं मी तो आवाज ओळखते. अर्धा राहिलेला शेंगदाणा बरोबर दाढेखाली आला होता.

नोटडीन्स्ट

दोन्या मार्तानं रात्रभर गालाखाली हात धरला होता. सकाळी टॉर्च आणि चमच्याच्या दांड्यानं मी तिचं तोंड पाहिलं. चांदी भरलेली खालची दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. लवंगेचं तेल लावलं. त्यापलीकडे मला जर्मनीत कुणाच्या दाताला हात लावायचा अधिकार नाही. एका दंतवैद्यानं शेंगदाण्यानं पाहुणीची दाढ फोडावी आणि पुढं काही करता येऊ नये, हे मला आमच्या असोसिएशनमध्ये कधी सांगता येणार नाही.

जर्मनीत डॉक्टरकडे जायचं तर टेर्मिन लागतो, म्हणजे आधी ठरवलेली वेळ. दाताचा टेर्मिन मागितला तर पुढच्या महिन्यातला मिळतो, तोवर दात बरा होतो किंवा राहत नाही. पण रविवारी पाळीनं एक दवाखाना उघडा असतो, त्याला नोटडीन्स्ट म्हणतात. त्या रविवारची पाळी शेजारच्या गावातल्या एका तरुण डॉक्टरची होती. टॅक्सीनं गेलो.

मुलगा हुशार होता. भूल नीट दिली, दाढ दोन तुकड्यांत पण स्वच्छ काढली. मी शेजारी उभी राहून दोन्या मार्ताचा हात धरला होता. म्हणजे तिनं माझा धरला होता, आणि अजून मनगटावर खूण आहे असं मला वाटतं. डॉक्टरनं दाढ एका बंद डब्यात टाकली आणि हातमोजे काढले.

दोन्या मार्ता खुर्चीतून उठेना. तोंडात बोळा होता, तिनं डब्याकडे बोट दाखवलं.

"दाढ परत मागतायत," मुक्ता म्हणाली.

डॉक्टरनं सांगितलं की त्या दाढेत चांदीचं मिश्रण भरलेलं आहे, त्यात पारा असतो, तो विशेष कचरा आहे आणि त्याच्यासाठी वेगळा नियम आहे. मुक्तानं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. दोन्या मार्तानं खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. बाहेर दोन पेशंट थांबले होते, एकाचा गाल तर दारातूनही दिसत होता.

मग मी इंग्रजीत म्हटलं, "डॉक्टर, मीही हेच काम करते. या बाई अर्धं जग ओलांडून आल्या आहेत, कारण पूर्वी त्यांच्या गावातून एक माणूस न विचारता एक जबडा घेऊन आला. तो अजून परत मिळालेला नाही. आज दुसरी सुरुवात नको करू या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मुक्ताकडे पाहिलं. त्याला हे सगळं कळलं असेल असं वाटत नाही. पण त्यानं डबा उघडला, दोन्ही तुकडे धुऊन पुसले आणि कपाटातून एक गुलाबी प्लॅस्टिकची डबी काढली. लहान मुलांचे दुधाचे दात घरी न्यायला तिथं देतात ती. झाकणावर उंदीर होता. दोन्या मार्तानं डबी स्कर्टच्या खिशात ठेवली, डॉक्टरच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली आणि उठली.

सोमवारी मी आणि ती बोटांनी खुणा करत गावातून फिरलो. दुसरा बंद किल्ला तो त्याच दिवशीचा. मंगळवारी, गाल सुजलेला असतानाच, तिनं मुक्ताला हाक मारून निर्णय सांगितला. बोलायला त्रास होत होता, म्हणून थोडक्यात.

"घे. पण दोन गोष्टी. उरलेलं सगळं, पावडरसुद्धा, तिच्याबरोबर परत यायला हवं. आणि तुम्ही ते कराल तेव्हा ती एकटी नको. आपल्यातलं कुणीतरी तिच्याशी बोलत असलं पाहिजे. रविवारी माझ्याजवळ माणूस होतं. तिला इथं आणलं तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं."

काचेच्या बाहेर

पहिली अट प्रोफेसरांनी लगेच मान्य केली. दुसरी सुरक्षाप्रमुखांकडे गेली. जुन्या डीएनएच्या प्रयोगशाळेत बाहेरचा माणूस जात नाही. आत जाणारे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, दोन-दोन हातमोजे, तोंडाला मास्क. आपल्या त्वचेचा एक कण पडला तरी दहा हजार वर्षांपूर्वीच्या बाईऐवजी आपलाच डीएनए निघायचा. सुरक्षाप्रमुख एकच शब्द म्हणाले, "फेरबोटन." म्हणजे मनाई. दोन्या मार्तानं त्याचं भाषांतर मागितलं नाही.

प्रोफेसरांनी मार्ग काढला. प्रयोगशाळेला एक मोठी काच आहे आणि बाहेरून आत बोलायला, अडचणीच्या वेळेसाठी, एक इंटरकॉम आहे. सुरक्षाप्रमुखांनी विचार केला. आवाजातून डीएनए जात नाही, असं ते शेवटी म्हणाले, जणू नुकतंच तपासून आले होते.

गुरुवारी दुपारी मुक्ता आत गेली. पोशाखात ती ओळखू येईना, चालीवरून मी ओळखली. तिनं जबडा आमच्या बाजूला तोंड करून ठेवला. दाढ हळूच सैल करून बाहेर काढली, बारीक करवतीनं वरचा भाग मुळापासून वेगळा केला. आतल्या पोकळीतून पावडर काढायची आणि दोन्ही भाग परत जोडून ठेवायचे. बाहेरून कळूही नये. पद्धत चांगली होती. ड्रिल ती अगदी कमी वेगावर चालवत होती, कारण दात तापला तर आतलं सगळं जळतं. थोडा वेळ चालवायची, थांबायची, परत चालवायची. वेळ लागणार होता.

दोन्या मार्ता इंटरकॉमचं बटण दाबून क्वेचुआत बोलू लागली. काय बोलत होती ते मुक्तालाही कळत नव्हतं. मधून मधून मला गावाचं नाव ऐकू यायचं, मग एखादं माणसाचं नाव असावं असं काहीतरी. हवापाण्याच्या, मेंढरांच्या गोष्टी असाव्यात. ती एका लयीत बोलत राहिली. प्रोफेसर काही अंतरावर हात मागे बांधून उभे होते.

पण गालाची सूज उतरलेली नव्हती. तिचा आवाज बसत चालला. थांबून तिनं थुंकी रुमालात टिपली, त्यात रक्त होतं. पुन्हा बोलायला तोंड उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं, दुखण्यानं. आत मुक्ताचा हात थांबला. तिनं मान वर करून काचेकडे पाहिलं.

दोन्या मार्तानं माझा दंड धरला आणि मला बटणापाशी ओढलं. आमच्यात शब्द नव्हतेच, पण गरजही नव्हती. मी मान हलवून नाही म्हटलं. मी कुठली, ती कुठली. तिनं माझा हात बटणावर ठेवला. मागून प्रोफेसर इंग्रजीत हळूच म्हणाले, "इतकी वर्षं ती जर्मन ऐकते आहे, डॉक्टर. तुमची भाषा तिला चालेल."

मी बटण दाबलं. मुक्ता आत ड्रिल हातात धरून थांबली होती. मग माझ्या तोंडून आलं ते मी रोज दवाखान्यात म्हणते तेच.

"हं, घाबरायचं नाही. थोडं आवाजाचं काम आहे, दुखणार नाही. मी इथंच आहे."

मुक्तानं मान खाली घातली आणि ड्रिल सुरू केलं.

"छान. असंच. पूर्वी कुणी नीट बघितलं नसेल, आता बघतायत. जरा थांबू हं, पाणी हवंय? बरं. झालंच, थोडंच राहिलं. फार सोसलंत तुम्ही."

मी बोलत राहिले. हवामान सांगितलं, कालवणाचा बेत सांगितला, आत काम करते ती माझी मुलगी आहे, हात हलका आहे तिचा, हे सांगितलं. हे मी मुक्ताला कधी म्हटलेलं नव्हतं. ती इंटरकॉमवर ऐकत होती. दोन्या मार्ता माझ्या शेजारी काचेला हात लावून उभी होती. काम संपलं तेव्हा मुक्तानं बाटलीचं झाकण लावलं आणि दोन्ही हात वर करून आम्हाला दाखवले, आम्ही दवाखान्यात पेशंटला दाखवतो तसे.

ती बाहेर आली तेव्हा मास्कच्या खुणा गालांवर उमटलेल्या होत्या. डोळे लाल होते. म्हणाली, "आत ब्लीचचा वास फार असतो."

मी म्हटलं, "असणारच."

कराड

मी परत आले. दोन्या मार्ता त्याच आठवड्यात तिच्या गावी गेली. निकाल यायला हिवाळा उलटला. मुक्ताचा पहिला फोन आला तो वाईट बातमीचा. दाढेच्या बाहेरच्या थरातून खरवडलेल्या पावडरीतून डीएनए निघाला होता, पण तो एका युरोपीय पुरुषाचा. बहुधा तो हौशी गृहस्थ किंवा कवटी मोजणारा कुणी विद्वान. हातमोजे न घालता हाताळलं होतं. मुक्ता रडत नव्हती, पण एकेक वाक्य दोनदा बोलत होती.

"आतल्या पावडरीचं काय?" मी विचारलं.

"अजून चाललंय."

आतली पावडर चांगली निघाली. तिच्यात ती बाई होती. ती बर्फाच्या पलीकडून आलेल्या त्या पहिल्या लोकांच्याच दक्षिणेकडे उतरलेल्या फांदीतली होती, आणि त्या डोंगरात आज राहणारी माणसंही त्याच फांदीची. ती दोन्या मार्ताची नेमकी कितवी आजी, हे कुणी सांगू शकत नाही. पण वेगळी, नामशेष झालेली जमात काही नव्हती. कवटी लांबट होती, एवढंच. पिढ्या जातात तसे आकार बदलतात. संग्रहातल्या लोकांनी मुक्ताचा अहवाल वाचला, आणखी दोन तज्ज्ञांना वाचायला दिला आणि शेवटी हो म्हटलं.

२०१९ मध्ये ती बाई परत गेली. मुक्ताला डिग्री मिळाली होती, ती पेटीबरोबर गेली. पावडरीची बाटलीही पेटीत होती. आता त्या दाढेतून पुन्हा कुणालाही काही काढता येणार नाही, नवं यंत्र आलं तरी नाही. एका सहकाऱ्यानं तिला हे ऐकवलंही. ती म्हणाली, माहीत आहे.

पुरायच्या आदल्या दिवशी गावची सभा भरली. मुक्तानं स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं आणि दोन्या मार्तानं क्वेचुआत. सायबेरिया, बर्फ, मधली जमीन, समुद्राचा किनारा, पिढ्यांमागून पिढ्या. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग मागून एक म्हातारा मेंढपाळ उठला आणि त्यानं विचारलं, "ती इथं वर आमच्या गुहेत आली, तेव्हा तिच्यासोबत कोण होतं?"

मुक्ता म्हणाली, एका दाढेवरून ते सांगता येत नाही.

दोन्या मार्ता उभी राहिली. म्हणाली, "आई असणार." आणि खाली बसली.

सभेत काहीही ठरायचं तर तिथं हात वर करतात. म्हाताऱ्यानं हात वर केला, मग बायकांनी, मग सगळ्यांनी. ठराव मंजूर झाला.

हे सगळं मुक्तानं मला तिथूनच फोनवर सांगितलं. रेंज जात-येत होती.

"आणि तू काय केलंस?" मी विचारलं. "तुझ्याकडे पुरावा काही नव्हता."

"नव्हता," ती म्हणाली. "मीही हात वर केला."